यंदा तळण नाही

“पीठ मुरलंय, तूप काढून ठिवलंय, खसखस निवडली. आता निस्तं तुमी उठायचं अन् चलायचं,” लक्ष्मीबाई दारातूनच म्हणाली. आत येऊन टेकायची तिला फुरसत नव्हती. दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि भिंतींना दिलेल्या चुन्याचे डाग अजून तिच्या कोपरापर्यंत होते.

कस्तुराबाई सुपातले तांदूळ निवडत बसली होती. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

“यंदा न्हाई जमायचं, लक्ष्मीबाई.”

“अगं माय! कामून? बरं न्हाई का?”

“मला काय धाड भरलीय! आमच्यात यंदा तळण न्हाई.”

“तळण न्हाई?” लक्ष्मीबाई उंबऱ्यावर थबकली. “कामून वो?”

आता मात्र कस्तुराबाईनं मान वर केली. लक्ष्मीबाईचा चेहरा तिनं नीट पाहून घेतला. त्यात सोंग नव्हतं, कुजकेपणाही नव्हता. बाई खरंच विचारत होती. कुजकेपणानं विचारलं असतं तर चार शब्द सुनावता आले असते आणि जीव तरी मोकळा झाला असता. ज्याला दिसतच नाही त्याच्याशी भांडायचं तरी काय?

“न्हाई म्हंजे न्हाई,” ती म्हणाली.

“बरं, तुमच्या घरी नका तळू. आमच्या कढईपाशी बसाया काय हुतंय? तुमच्याबिगर माझे अनारसे हसत्यात, ठावं हाय ना? सासू जीव घेईल माझा.”

“दुसऱ्याच्या कढईपाशीबी न्हाई.”

लक्ष्मीबाई गेली. “आता हिलाबी भाव आला,” असं ती पुटपुटली, ते कस्तुराबाईला ऐकू आलं.

अनारसा हसतो म्हणजे तुपात सोडल्याबरोबर पसरतो, फाटतो आणि कढईभर चुरा होऊन बसतो. पूर्णा गावातल्या त्या गल्लीत झाडून साऱ्या बायकांचे अनारसे कधी ना कधी हसले होते. कस्तुराबाईचा मात्र सतरा वर्षांत एकही हसला नव्हता. त्यामुळे वर्षभर तिच्या दाराकडे न बघणाऱ्या बायका आश्विन लागला की तिला ‘अक्का, अक्का’ म्हणत यायच्या. चकलीचं पीठ हिनं भिजवायचं, बुंदीचा पाक हिनं बघायचा, अनारसे हिनं तळायचे. दिवाळी सरली की अक्का पुन्हा खानावळीतली कस्तुरा व्हायची. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण कढईभोवती चार बायकांत बसायला मिळतं, एवढ्यावर ती खूश असायची.

यंदाची गोष्ट वेगळी होती.

ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलेलं असतं, त्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चुलीवर चढत नाही. दारात रांगोळी नसते, आकाशकंदील नसतो, अंगणात शेणाच्या गवळणी नसतात. मग शेजारणी काय करतात, तर नरकचतुर्दशीच्या सकाळी, आपल्या घरात कुणी फराळाला तोंड लावायच्या आधी, एक ताट भरून त्या घरी नेतात. पोरासोरांच्या हाती धाडत नाहीत, स्वतः जातात. जमिनीवर दोन घटका बसतात, गेलेल्या माणसाचं नाव काढतात, डोळ्यांना पदर लावतात आणि उठतात. ते ताट मोकळं करून मागायचं नसतं. दुखवट्याच्या घरातून काही परत यायचं नसतं, म्हणून ताट तिथंच राहतं आणि दिवाळीनंतर केव्हातरी गुपचूप घरी येतं. बाकीच्या दिवाळीच्या ताटांची तऱ्हा न्यारी. ती या हातानं द्यायची आणि त्या हातानं भरून घ्यायची.

गल्लीच्या मते यंदा दुखवट्याचं घर एकच होतं, नागनाथ मास्तरांचं. त्यांची आई आषाढात गेली होती, चांगली चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन. कस्तुराबाईच्या मते अशी घरं दोन होती.

तिची कथा तशी सगळ्या पूर्णेला पाठ होती. वसमतकडच्या एका गावात दिलेली. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला हाकलली. भाऊ इथं रेल्वेच्या शेडमध्ये कोळशावर होता, म्हणून त्याच्याकडे आली. भावजयीनं महिनाभर खपवून घेतलं, मग भांडी आपटायला सुरुवात केली. स्टेशनजवळ दगडाबाईची खानावळ होती. तिथं भाकऱ्या थापायला बाई हवी होती. कस्तुराबाई तिथं परातीपुढं बसली ती बसलीच.

खानावळीत जेवायला सारे रेल्वेतले सडेफटिंग. दिनकरराव त्यांतलेच, मालगाडीवर गार्ड. सडे मात्र नव्हते. पालमच्या पलीकडे गावात त्यांची बायको होती, दोन मुलगे होते. ड्यूटी संपेल तेव्हा यायचे, कधी दुपारी तीनला, कधी सकाळी अकराला, आणि समोर येईल ते मुकाट्यानं जेवायचे. एकदा हात धुताना त्यांनी दगडाबाईला विचारलं, “ही भाकरी करणारी बाई जेवती का न्हाई, ते कधी बघितलंस का?” दगडाबाईनं कधी बघितलं नव्हतं. परातीमागं बसलेल्या कस्तुराबाईनं ते ऐकलं आणि तव्यावरची भाकरी करपली. तिच्या हातून करपलेली ती पहिलीच.

लग्न असं झालं नाही. व्हायचंही नव्हतं. तिचा नवरा जिवंत, त्यांची बायको जिवंत. दिनकररावांनी गल्लीत एक खोली घेतली आणि कस्तुराबाई तिथं राहायला गेली. लोकांनी पहिली दोन वर्षं तोंड भरून नावं ठेवली, पुढं लोकच कंटाळले. तिनं खानावळीतलं काम सोडलं नाही. गार्डसाहेबांच्या जिवावर बसून खाते, असं कुणाला म्हणू द्यायचं नव्हतं. पेन्शन झाल्यावरही दिनकरराव गावी गेले नाहीत. दारात बाज टाकून पेपर वाचत बसायचे आणि जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीवरून ती कुठली ते सांगायचे.

श्रावणात एके दुपारी ते बाजेवरून उठून आत आले. “जरा जड वाटायलंय छातीत. च्या टाक,” म्हणाले. चहाला आधण यायच्या आत सगळं संपलं होतं.

सांजेला जीप घेऊन मुलगे आले. थोरला चंद्रभान तिशीतला, बापासारखाच उंच. तो काही वाईट बोलला नाही. “बाई, आमी घेऊन चाललाव. तुमी हितंच ऱ्हावा,” एवढंच म्हणाला. तिच्या पाया पडावं की पडू नये, या विचारात क्षणभर घुटमळला आणि मग जीपकडे गेला. शेजारीपाजारी दारात उभे होते. जीप फाटकाच्या पलीकडे गेली तसे एकेक आत गेले.

त्याच दिवशी कस्तुराबाईनं कपाळ पुसलं. बांगड्याही उतरवल्या. पण तिसऱ्या दिवशी दगडाबाईचा निरोप आला, चाळीस माणसं जेवायची आहेत, भाकऱ्या कोण करणार? रजा मागायची तर कुणाच्या नावानं मागायची, हेच तिला सुचेना. ती गेली. परातीपुढं बसली. दगडाबाईनं तिचा पांढरा कपाळपट्टा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“अगं येडे, तुझा नवरा तिकडं जित्ता हाय, खुशाल बैल हाकायलाय. अन् तू कपाळ पुसून बसलीस? आपशकून कशाला करतीस त्या मुडद्याला?”

आणि करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन तिनं स्वतःच्या हातानं कस्तुराबाईच्या कपाळावर टेकवलं. दगडाबाईच्या मनात वाईट नव्हतं, उलट मायाच होती. जेवत असलेल्या माणसांनी ते पाहिलं आणि त्यांनाही हायसं वाटलं. कस्तुराबाईच्या दोन्ही हातांना पीठ होतं. ती तशीच बसून राहिली. ज्यानं तिला घराबाहेर काढलं, त्याच्या नावाचं कुंकू पुन्हा कपाळावर आलं, आणि ज्याच्या छातीवर तिनं शेवटचा हात ठेवला होता, त्याच्यासाठी रडायची सोय उरली नाही.

गल्लीनं काय पाहिलं? कपाळावर कुंकू पाहिलं, तिसऱ्या दिवशी कामावर जाताना पाहिलं. संपला विषय. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

म्हणून कस्तुराबाईनं कढईला हात लावला नाही. तिला गल्लीकडून दुसरं काही नको होतं. एका तरी बाईनं चतुर्दशीच्या सकाळी ताट घेऊन तिच्या घरी यावं, जमिनीवर बसावं आणि गार्डसाहेबांचं नाव काढावं, एवढीच तिची इच्छा होती. ते मागून घ्यायची सोय नव्हती. मागून घेतलेला दुखवटा हा काही दुखवटा नव्हे. तो ज्यानं त्यानं आपणहून आणायचा असतो.

खानावळ धनत्रयोदशीपासून बंद झाली. सगळी माणसं ट्रंका घेऊन आपापल्या गावी गेली. गल्लीत दारोदारी कंदील लागले. दिनकरराव कंदील घरीच करायचे, कामट्या तासून, एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा कागद लावून. “गार्डसायबाचं सिग्नल लागलं, आता दिवाळी सुटली,” असं पोरं ओरडायची. तो टांगून झाला की ते पालमची एस.टी. धरायचे. दिवाळी त्यांची गावी, बायकामुलांत. तिनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. जे आपलं नाही त्यावर हक्क सांगायचा तिचा स्वभाव नव्हता. यंदा तिच्या दाराशी अंधार होता, आणि येणारीजाणारी माणसं त्या अंधारातून जरा भरभर चालत होती, एवढंच.

चतुर्दशीला ती सगळ्यांच्या आधी उठली. उटणं नाही, तेल नाही, साधी आंघोळ केली. खोली झाडून घेतली. भिंतीशी गुंडाळलेली सतरंजी खोलीच्या मध्यात पसरली, पुन्हा उचलली, जरा दाराच्या जवळ पसरली. दार सताड उघडं ठेवलं आणि सूप घेऊन निवडत बसली. सुपातली डाळ कालच निवडून झाली होती.

फटाके वाजू लागले. उजाडलं. मग ताटं निघाली. बायका नव्या लुगड्यांत, डोक्यावर पदर, हातात रुमालानं झाकलेली ताटं, हळू चालत नागनाथ मास्तरांच्या घराकडे निघाल्या होत्या. मास्तरांचं घर गल्लीच्या टोकाला, त्यामुळे प्रत्येक ताट कस्तुराबाईच्या दारावरून जात होतं. पहिलं गेलं. दुसरं गेलं. मग लक्ष्मीबाई दिसली. ती बरोबर कस्तुराबाईच्या दारासमोर थांबली.

कस्तुराबाईच्या हातातलं सूप खाली आलं. ती उठायला लागली.

लक्ष्मीबाईनं ताट या हातातून त्या हातात घेतलं, सुटलेला पदर डोक्यावर ओढला आणि पुढं गेली.

एकूण सात ताटं मास्तरांकडे गेली. मास्तरांच्या घरून रडण्याचा आवाज आला, मग हळूहळू बोलण्याचा. म्हातारी फार खाष्ट होती आणि गल्लीतल्या एकीशीही तिचं पटलं नव्हतं, तरी तिच्या नावानं सातजणी रडल्या. कस्तुराबाईला म्हातारीचा हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा हेवा करावा लागतो, या विचारानं तिची तिलाच लाज वाटली. ऊन दारातून आत आलं तेव्हा तिनं सतरंजी गुंडाळली आणि भिंतीशी ठेवली.

पाडव्याच्या दुपारी लक्ष्मीबाई आली खरी. घाईघाईत, घाम पुसत. हातात ताट होतं.

“घ्या. जल्दी मोकळं करून द्या, अजून पाच घरं ऱ्हायलीत माझी. अनारसे समदे हसले, त्याचा चुराच घातलाय, नावं ठिवू नका.” ती हसली. “तुमी आला न्हाईत, मंग काय हुणार?”

ताटात शेव होती, चकल्या होत्या, बुंदीचे दोन लाडू होते. लक्ष्मीबाई उंबऱ्याबाहेर उभी होती आणि मोकळ्या ताटाची वाट बघत होती. ताट मोकळं करून द्यायचं म्हणजे त्यात आपल्या घरचं काहीतरी घालायचं. कस्तुराबाईला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण तेही मागणंच झालं असतं. तिनं रुमाल पुन्हा ताटावर घातला, चारी कोपरे नीट केले आणि ताट तसंच लक्ष्मीबाईच्या हातात दिलं.

“ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं घालायला कायबी न्हाई.”

“अगं बाई, मी काय मागायलेय का? साखर घाला चिमूटभर!”

“ऱ्हाऊ द्या, लक्ष्मीबाई.”

लक्ष्मीबाईचा चेहरा उतरला. “एवढं काय बोलले मी तुमाला? सणासुदीचं ताट माघारी धाडायलाव?” तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ती वळून गेली. दोघीही दुखावल्या, आणि त्यातल्या एकीला तर कशानं दुखावलो तेही कळलं नाही.

भाऊबीज झाली. भाऊ त्याच गावात, पण तो बरीच वर्षं आला नव्हता. यंदाही आला नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मात्र कस्तुराबाईचा पाय घरात ठरेना. पंचांगात त्या दिवसाला नाव नाही, पण सतरा वर्षं तीच तिची दिवाळी होती. दिनकरराव सकाळच्या एस.टी.नं गावाहून परत यायचे आणि बारा वाजताच्या पॅसेंजरनं तिला परभणीला घेऊन जायचे. स्टेशनसमोर भुजंगरावांचं हॉटेल होतं. आत लाकडी फळ्यांचे आडोसे आणि त्यांवर पडदे होते, बाहेर पाटी होती, ‘फॅमिली रूम’. तिथं बसून दोघं पुरी-भाजी खायची, वर बासुंदी. तिथला वाढपी तिला ‘बाईसाहेब’ म्हणायचा. पहिल्या वर्षी तर ती मागं वळून कुणाला म्हणतो ते बघत होती. परभणीत तिला कुणी ओळखत नव्हतं. त्या पडद्याआड ती सरळसरळ गार्डसाहेबांची बायको होती. वर्षातून दीड तास. तिला तो पुरत असे.

यंदा कशाला जायचं, असं तिनं चारदा मनाशी म्हटलं. मग पाचव्यांदा वाटलं, तिथं तरी कुणाला सांगता येईल. पिशवी घेऊन ती निघाली. वाटेत पिंगळी स्टेशन आलं तेव्हा परत फिरावंसं वाटलं, पण गाडी काही तिच्यासाठी फिरणार नव्हती.

हॉटेलात गर्दी होती. गल्ल्यामागं रेडिओ मोठ्यानं लागला होता. भुजंगरावांनी तिला पाहिलं आणि तोंडभर हसून उठले.

“या, या! सकाळधरनं वाट बघायलाव. सायेब मागून येयलेत का?”

“सायेब न्हाईत आता,” ती म्हणाली. “श्रावणात गेले.”

हे वाक्य ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती. भुजंगराव उभेच राहिले. मग मागं वळले आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

“अवो, चालू द्या की! बातम्या लागायल्यात,” एक गिऱ्हाईक ओरडलं.

“लागू द्या,” भुजंगराव म्हणाले आणि स्वतः तिला आडोशापर्यंत घेऊन गेले. समोरच्या रिकाम्या बाकावर ते बसले नाहीत, उभेच राहिले. “लय वाईट झालं, बाई. म्हंजे यंदा तुमच्या घरी तळण न्हाई.”

ते विचारत नव्हते, सांगत होते. कस्तुराबाई बाकावर टेकली. दिवाळी जवळ आल्यापासून ती ज्या शब्दांसाठी झुरत होती, ते इथं एका हॉटेलवाल्याच्या तोंडून आले. आणि लगेच तिला वाटलं, हे आपण फसवून घेतोय. यांना खरं ठाऊक नाही, म्हणून हे बोलताहेत. गार्डसाहेबांच्या नावानं मिळणारी पहिली गोष्ट तिला खोट्यानं नको होती.

“मालक, एक सांगते. मी त्यांची लग्नाची न्हवते. लग्नाची बायको तिकडं गावी हाय.”

भुजंगरावांनी खांद्यावरच्या टॉवेलनं टेबल पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं.

“ते आमाला पयल्याच साली कळलं व्हतं.”

“कसं?”

“आता बगा. घरच्या लक्ष्मीला दिवाळीत कुणी हाटेलात जेवायला आणतंय का? समदं जग घरी फराळ करायलंय, अन् तुमी दोघं हितं पडद्याआड.”

कस्तुराबाईनं पदर घट्ट ओढून घेतला. सतरा वर्षांतले ते सगळे दीड तास तिच्या डोळ्यांपुढून गेले. तेवढ्यापुरतं आपल्याला कुणी ओळखत नाही म्हणून ती पदर सैल सोडून बसायची, मोठ्यानं हसायची. आणि इथं सगळ्यांना ठाऊक होतं. वाढप्यालासुद्धा.

“मंग बाईसायेब कशाला म्हनत व्हता?” तिनं विचारलं. आवाज फाटला होता.

“मंग काय म्हनावं?” भुजंगरावांना प्रश्नच समजला नाही. “सायबासंगं येयच्या ना तुमी?” आणि ते मागच्या दाराकडे जाऊन हाक मारू लागले, “कडू! ए कडूबाई! जरा ये बाहीर.”

हॉटेलच्या पाठीमागंच त्यांचं बिऱ्हाड होतं. बऱ्याच वेळानं पडदा सरला आणि एक जाडजूड बाई आत आली. नवं लुगडं, हातात पितळी ताट, त्यावर धुतलेला पंचा. तिनं ताट टेबलावर ठेवलं आणि बाकावर न बसता सरळ खाली फरशीवर बसली. कस्तुराबाईही बाकावरून उतरून तिच्यासमोर बसली. फरशीवर तेलकट पाण्याचे डाग होते, पण ते दोघींनीही पाहिले नाहीत.

कडूबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, “मी मागल्या दारातून बघायची वो तुमाला. सायेब पयला घास घेयच्या आदी तुमच्या ताटात समदं आलं का बघायचे. आमचे हे एवढी वर्सं वाढायलेत लोकायला, माझ्या ताटात कधी बघितलं न्हाई यायनं. चांगला माणूस व्हता, बाई.”

श्रावण गेला होता, भादवा गेला होता, आश्विन गेला होता. कस्तुराबाई कुणाच्या समोर रडली नव्हती. आता ती रडली, चांगली हमसून, तोंडात पदर घालून. पडद्याबाहेर कपबशा वाजत होत्या, भज्यांची ऑर्डर जात होती. कडूबाईनं तिला गप्प केलं नाही. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली आणि एकदाच म्हणाली, “रडा. गाडीला येळ हाय अजून.”

मग वाढप्यानं साधा वरणभात आणून ठेवला. गोड काही आणलं नाही, विचारलंही नाही. कस्तुराबाई चार घास जेवली. निघताना ती पंच्याखालचा फराळ आपल्या पिशवीत काढून घ्यायला लागली, तसा कडूबाईनं तिचा हात धरला.

“ताटासकट न्या.”

“तुमचं ताट...”

“दुखवट्याचं ताट कोण माघारी मागतंय? कवा येणं झालं तर आणा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

दिवेलागणीला कस्तुराबाई गल्लीत शिरली. दोन्ही हातांत ताट होतं, सावकाश चालत होती. लक्ष्मीबाई ओट्यावर पणत्या लावत होती. पाडव्यापासून तिनं अबोला धरला होता, पण झाकलेलं ताट पाहिल्यावर तिला राहवेना.

“कुठं गेल्ता दिसभर? अन् हे कुणाकडचं ताट?”

“परभणीचं.”

“परभणीत कोण हाय तुमचं?”

“दुखवट्याचं हाय, लक्ष्मीबाई,” कस्तुराबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यात टोमणाही नव्हता. नागनाथ मास्तरांनी म्हटलं असतं तसंच ती म्हणाली.

लक्ष्मीबाईनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग तिची नजर कस्तुराबाईच्या अंधाऱ्या दाराकडे गेली, तिथून बाजेच्या रिकाम्या जागेकडे गेली. हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा तिनं ती झटकली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला आणि कस्तुराबाई पुढं जाईपर्यंत तशीच उभी राहिली.

कस्तुराबाईनं घरात येऊन चिमणी लावली. ताट जमिनीवर ठेवलं, पंचा बाजूला केला. शेव, करंज्या, शंकरपाळे, चकल्या. तिनं एक चकली मोडून तोंडात टाकली. मोहन कमी पडलं होतं, पीठही जाडंभरडं दळलं होतं, आणि दाताखाली ती खडखड वाजत होती. सतरा वर्षांत दुसऱ्या बाईच्या हातची चकली तिनं खाल्ली नव्हती. गल्लीतल्या साऱ्या चकल्यांचं पीठ तिच्याच तर हातचं असायचं. ती भिंतीला टेकून बसली आणि ती कडक चकली, हळूहळू चावत, तिनं सगळी खाल्ली.